नातीची झोप कुणी चोरली

वीज गेली होती आणि मी नातीला थोपटत होतो. चांगली वीस मिनिटं थोपटलं. एक हात भरून आला तेव्हा दुसरा लावला. ना कुरकूर, ना हालचाल, पाठही कशी मऊ मऊ लागत होती. मनात म्हटलं, जमलं बुवा आपल्याला! तेवढ्यात स्वयंपाकघरातून नातीचं खिदळणं ऐकू आलं. हातानं चाचपून बघितलं तर मी गोधडीची घडी थोपटत होतो. नात कधीच अंधारात सरपटत आजीकडं गेली होती आणि चुलीपाशी बसून शेंगदाणे खात होती.

"झोपली का?" बायकोनं आतून विचारलं.

"गोधडी झोपली," मी म्हणालो.

हे हसण्यावारी नेलं असतं, पण हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. आमची मुलगी दौंड तालुक्यात खुटबावला दिलेली. तिला रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये नोकरी लागली. खुटबावहून रोज जाणं-येणं होण्यासारखं नाही, आणि कंपनीची गाडी आमच्या कवठे येमाईच्या बाजूनं जाते. म्हणून मुलगी नातीला घेऊन आमच्याकडं राहायला आली. फर्स्ट शिफ्ट असली तर काही प्रश्न नव्हता. सेकंड शिफ्टला मात्र ती दुपारी जेवून जायची ती मध्यरात्र उलटल्यावर यायची. म्हणजे दोन वर्षांच्या पोरीनं आईशिवाय झोपायला हवं.

विहीणबाईंनी परवानगी दिली होती, पण हातचं राखून. "महिनाभर बघू," असं त्या म्हणाल्या होत्या. "पोर आईबिगर झोपत असंल तर माझी ना न्हाई. पण रातभर रडून काढत असंल तर नोकरी नगं. पोरगं-सून दोघं कमावत्यात म्हणून नातीनं रडायचं का?" बोलणं वाकडं नव्हतं. पण आमच्या मुलीनं या नोकरीसाठी दोन वेळा मुलाखत दिली होती, एकदा तर पोर अंगावर पिती असताना.

नात रडायची नाही, हे खरं. पण झोपायचीही नाही. रात्री साडेआठ झाले, सगळं गाव जांभया द्यायला लागलं, की हिच्या अंगात वारं भरायचं. गादीवर उड्या, माझ्या पोटावर उड्या, कुत्र्याला हाका. शेवटी पार दमली की मग आईची आठवण, आणि मग भोकाड. मुलगी मधल्या सुट्टीत कॅन्टीनमधून फोन करायची, "आबा, झोपली का?" आणि मी खोकायचो. माझ्या खोकल्यावरून ती ओळखायची.

आता, दिवसभर पायाला भिंगरी लावून फिरणारं पोर रात्री झोपत नाही म्हणजे काय? माझा स्वभाव असा आहे की एखादी गोष्ट बिघडली तर ती आपोआप बिघडली यावर माझा विश्वास बसत नाही. कुणीतरी बिघडवलेली असते. दूध संस्थेच्या मागच्या निवडणुकीत मी पडलो, तेव्हाही मला असंच वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं. तर नातीची झोप कुणीतरी चोरत होतं, आणि ते कोण हे शोधून काढायचं मी ठरवलं.

पहिला संशय शेजारच्या वहिनींवर गेला. चुलत भावाची बायको, मनानं चांगली, पण तिच्याकडं चहाचं आधण दिवसभर उतरत नाही. नात दुपारभर तिच्याच अंगणात. वहिनी हिला बशीत चहा ओतून देत असणार, यात मला शंका राहिली नाही. एका संध्याकाळी नात तिकडून आली, तसा मी तिला जवळ ओढून तिच्या तोंडाचा वास घेतला.

"आ कर गं."

तिनं आ केला. मी वास घेतला. चहाचा नव्हता, चिवड्याचा होता. पुन्हा घेतला. एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "भावजी, काय तपासताय? पोरीचं तोंड हाय का दुधाचा कॅन?"

"न्हाई, दात बघत होतो," मी म्हणालो.

"मग नाकानं कशाला बघताय?"

दोन दिवस मी त्या कुंपणाकडं फिरकलो नाही.

दुसरा संशय घरातलाच. एकदा मी गोठ्यातून आलो तर बायको सहाणेवर काहीतरी उगाळत बसलेली. मला बघताच तिनं पदर पुढं घेतला. पदर पुढं घेतला म्हणजे काहीतरी आहेच!

"काय उगाळतीयस?"

"जायफळ."

"कुणाला?"

"तुम्हाला न्हाई. पोरीला चाटवते बोटभर. आमच्या आईनं सगळ्या पोरांना दिलंय."

"आगं, मग झोपत का न्हाई ती?"

"ते मी काय सांगू? जायफळ माझ्या हातात, झोप तिच्या हातात."

मला वाटलं, जायफळ जुनं असेल. मग वाटलं, ही उगाळते खरी, पण देते का? मग वाटलं, दुपारी सिरीयलच्या वेळेला ही पोरीला झोपवून ठेवत असेल, जायफळ तेव्हाच देऊन, आणि रात्री माझ्या गळ्यात टाकत असेल. हा विचार मला इतका पटला की दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेतातून मुद्दाम लवकर आलो आणि खिडकीतून आत डोकावलो. टीव्ही बंद होता. बायको धान्य निवडत होती आणि नात निवडलेलं धान्य पुन्हा त्याच सुपात टाकत होती. दोघीही टक्क जाग्या.

"आत या की," बायको वर न बघता म्हणाली. "खिडकीतनं काय दिसतंय?"

राहता राहिल्या त्या विहीणबाई. हा संशय मी आधी घेतला नव्हता, कारण तो घ्यायला मलाच जड जात होतं. पण गोष्टी तशाच घडत होत्या. रोज रात्री बरोबर नातीचा डोळा जरा जड व्हायला लागला की विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. "झोपली का माझी बाय? दाखवा बघू." बाय दुसऱ्या क्षणाला उठून बसायची. मग खुटबावची कोंबडी दाखवा, खुटबावचं वासरू दाखवा, आजोबांचं टक्कल दाखवा. अर्धा तास. फोन ठेवताना विहीणबाई हळहळायच्या, "आगं बया, अजून जागीच की. रोज असंच का?"

रोज असंच का! म्हणजे बघा. झोप मोडायची, आणि मग मोडली म्हणून हळहळायचं. महिना संपला की नात घेऊन मोकळ्या.

मी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आवो, त्यांनी जन्मल्यापास्नं सांभाळलंय तिला. करमत न्हाई म्हणून फोन करत्यात."

"तू भोळी हायेस," मी म्हणालो.

"व्हय. म्हणून तर तुमच्याशी लगीन केलं."

या सगळ्यात माझा म्हणून जो वेळ होता, तो फक्त संध्याकाळचा. बायको गाईंच्या धारांना बसली की मी नातीला खांद्यावर टाकायचो आणि देवळासमोरच्या पारावर जाऊन बसायचो. आमच्याकडं बिबट्याचं भय आहे, आणि ते आता गमतीनं बोलण्यासारखं राहिलेलं नाही. त्यामुळं दिवस कलला की लहान पोर खाली सोडायचं नाही, अशी घरोघर रीतच पडली आहे. अंगणात कडेवर, रस्त्यानं खांद्यावर. मीही तिला पारावर खाली उतरवायचो नाही. तिचं तोंड माझ्या पाठीकडं, हनुवटी माझ्या खांद्यावर, आणि माझं तोंड मंडळींकडं.

पारावर माझा विषय ठरलेला. मी निवडणुकीत का पडलो. फॅटचा दर, पशुखाद्याची पोती, कुणी कुणाला शब्द दिला आणि कुणी फिरवला, हे सगळं मी पहिल्यापासून सांगायचो, कारण मधूनच सांगितलं तर लोकांना समजत नाही. नातीचं मला फार कौतुक वाटायचं. माझी स्वतःची मुलं कधी माझं इतकं ऐकत बसली नाहीत. ही मात्र हूं की चूं नाही. दिवेलागणीच्या आत उजेड आहे तोवर चार माणसांच्या सोबतीनं मी परत निघायचो. परत येताना पोर जड लागायची. मी बायकोला दोनदा म्हणालो, "तू हिला तूप फार घालतीस." घराच्या फाटकाशी कुत्रं आमच्या अंगावर भुंकत धावलं की ही खांद्यावर टुणकन ताठ व्हायची, आणि मग रात्रीचा खेळ सुरू.

महिना सरत आला, आणि एका दुपारी विहीणबाई एसटीनं येऊन उतरल्या. फोन नाही, निरोप नाही. हातात एक मोठी थोरली पिशवी. एका बाईला दोन दिवसांसाठी एवढी पिशवी लागते का? मुलगी सेकंड शिफ्टला निघून गेली होती. घरात बायको, मी आणि नात. विहीणबाई हातपाय धुवायला मोरीकडं गेल्या, तसा मी पिशवीचा बंद धरून हळूच उचलून बघितली. भरलेली असेल तर राहायला आल्या, रिकामी असेल तर पोरीचे कपडे भरून न्यायला आल्या, असा माझा हिशेब. पिशवी जागची हलेना.

"गूळ हाय, पाव्हणं," मागून आवाज आला. विहीणबाई तोंड पुसत उभ्या होत्या. "गुऱ्हाळावरनं ताजा आणलाय. दोन ढेपा. काढा की, उचलायला मी हात लावू का?"

मी ढेपा काढल्या. म्हणजे पिशवी आता रिकामी झाली. येताना भरलेली, जाताना रिकामी. माझा संशय होता तिथंच राहिला, उलट त्याला आता जागाही मिळाली.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आलेच हाय तर येमाईला जाऊन येते." बायकोला धारा काढायच्या होत्या, म्हणून मी नातीला खांद्यावर टाकून पुढं, आणि विहीणबाई शेजारच्या वहिनींबरोबर मागं, असे निघालो. त्या दोघी देवळात गेल्या. मी पारावर बसलो. त्या दिवशी मला जोर जरा जास्तच चढला होता. विहीणबाईंच्या कानावर आपला शब्द पडावा, आपण गावात अगदीच कुणी नाही असं नाही हे कळावं, असं मनात होतं. त्यामुळं मी विषय पशुखाद्यापासून न घेता थेट संस्थेच्या स्थापनेपासून घेतला. बोलता बोलता लक्षात आलं, विहीणबाई देवळातून येऊन माझ्या पाठीमागच्या पायरीवर बसल्यात. वहिनीही. परत निघाल्यावरही दोघी माझ्या मागं चार पावलांवर चालत होत्या आणि कुजबुजत होत्या. मध्येच वहिनी फिस्सकन हसल्या. मी मान वळवली तर दोघी गप्प.

फाटकाशी कुत्रं भुंकलं. नात खांद्यावर ताठ झाली. विहीणबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटून घेतलं.

लोटलेलं दार म्हणजे माझ्यासाठी आमंत्रणच. मी ओसरीवर नातीला घेऊन दाराला कान लावला. भांड्यांचा आवाज, आणि मधून मधून बोलणं.

"रोजच असं चालतं का वो?" ही विहीण.

"मला काय ठावं? मी धारांना असते," ही माझी बायको.

"आन् तुमच्या मुलीला?"

"ती कामावर. तिला कोण सांगणार?"

"मग आता ह्यांना सांगायचं कुणी? मी सांगू का तुम्ही सांगता?"

"तुम्हीच सांगा. माझं ते ऐकायचं न्हाईत."

ठरलं म्हणजे. माझ्याच घरात, माझ्याच चुलीपाशी, माझ्याच बायकोच्या संगनमतानं! मुलगी त्या वेळी कंपनीत उभी राहून कसली तरी तपासणी करत असेल, आणि इकडं तिची नोकरी जात होती. मी दार ढकललं. नात कडेवर, चष्मा नाकावर घसरलेला.

"विहीणबाई," मी म्हणालो, आणि माझा आवाज माझ्याच अंदाजापेक्षा मोठा निघाला, "काय वाट्टेल ते होऊ दे. आमची पोर नोकरी सोडणार न्हाई!"

बायकोच्या हातात भाकरी तशीच. विहीणबाईंनी पाट पुढं सरकवला.

"बसा, पाव्हणं. आधी बसा. कोण म्हणलं नोकरी सोड?"

"मग काय सांगायचंय मला?"

"सांगायचं हाय ते असं," विहीणबाई म्हणाल्या, "की तुम्ही पारावर बसल्यापास्नं घरी येईस्तवर ही पोर झोपली व्हती. गाढ. तोंडातनं लाळ गळत व्हती तुमच्या सदऱ्यावर. मागं हात लावून बघा."

मी मागं हात लावून बघितला. खांद्याच्या खाली चांगली ओली चकती होती.

"आज थकली आसंल," मी म्हणालो.

"आज न्हाई, भावजी," दारातून वहिनी म्हणाल्या. त्या गेल्याच नव्हत्या. "रोजच झोपती. म्या दोनदा बघितलं. मला वाटलं, तुम्ही झोपवायलाच नेताय. पारावरच्यांनाबी तसंच वाटतंय. ते तरी कुठं जागं असत्यात?"

मी पाटावर बसलो. नात माझ्याकडं बघत होती, ताजीतवानी, तासाभराची झोप झालेल्या माणसासारखी. तिन्हीसांजेला पोर झोपू द्यायचं नाही हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मी वहिनींचा चहा हुंगला, बायकोचं जायफळ तपासलं, विहीणबाईंची पिशवी उचलली, आणि चोर मात्र रोज संध्याकाळी चोरीचा माल स्वतःच्याच खांद्यावर घेऊन गावभर मिरवत होता. मी सोडून सगळ्यांना दिसत होता, कारण माझं तोंड पुढं आणि तिचं मागं.

"एक खरं सांगते," विहीणबाई भाकरीचा घास मोडत म्हणाल्या. "मी हिला न्यायलाच आले व्हते."

मी झटकन बायकोकडं बघितलं. बघ, मी म्हणत नव्हतो? पण ती माझ्याकडं बघायला तयार नव्हती.

"पोर आईबिगर झोपत न्हाई, असं मनानं घेतलं व्हतं माझ्या," त्या पुढं म्हणाल्या. "फोनवर बघावं तवा टक्क जागी. म्हणलं, हाल चाललंत पोरीचं. आन् हितं येऊन बघते तर काय, देवळाम्होरं, चाळीस माणसांत, ह्यांच्या आरडाओरड्यात झोपती! मग घरात गादीवर का झोपायची न्हाई? राहू द्या तिला. सूनबाईला सांगा, काम सोडायचं न्हाई. आन् मी फोन आता दिवसा करत जाईन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला पारावर जाऊ दिलं नाही. दोघी बायकांनी नातीला अंगणात कडेवर घेऊन आळीपाळीनं जागं ठेवलं. तिची मान पडायला लागली की टाळ्या वाजवायच्या, पाण्याचे हबके मारायचे. जेवण झाल्यावर विहीणबाईंनी तिला माझ्या खांद्यावर दिली आणि म्हणाल्या, "घ्या. करा सुरू."

"काय सुरू करू?"

"तुम्ही का पडला ते."

मला भलतीच लाज वाटली. एवढ्या वर्षांत कुणी मला ते आपणहून विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेही अशा कामासाठी. मी ओसरीवर येरझाऱ्या घालत सुरुवात केली. हळू आवाजात. फॅटच्या दरापर्यंत आलो असेन, तोच खांदा जड झाला. तो जडपणा आता मला ओळखू आला. आत जाऊन मी तिला गादीवर ठेवलं. ती एकदा हुंकारली, कूस बदलली, आणि झोपली. स्वयंपाकघराच्या दारात दोघी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, हसू आवरत.

थोड्या वेळानं मुलीचा फोन आला. "आबा, झोपली का?"

"झोपली," मी म्हणालो.

पलीकडं ताटांचा आणि माणसांचा गलका ऐकू येत होता. मुलगी हळूच म्हणाली, "खरंच का?" मी फोन गादीपाशी नेऊन धरला. नातीच्या श्वासाचा आवाज गेला असेल की नाही, ठाऊक नाही. "बरं," ती म्हणाली, "जाते आता मी. लाईन सुरू झाली," आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

सकाळी मी विहीणबाईंना एसटीला पोचवून आलो. त्यांची पिशवी बायकोनं शेंगा आणि बाजरीनं गच्च भरून दिली होती. मी ती उचलून गाडीत ठेवली. नातीचा एकही कपडा आत नाही, हे ठेवता ठेवता वरवर चाचपून घेतलं. सवय हो.

घरी आलो तर बायको ओसरी झाडत होती. मी म्हणालो, "काही म्हण, न्यायला आल्या होत्या हे मी बरोबर वळखलं होतं."

तिनं झाडणं थांबवलं नाही. म्हणाली, "वळखलंत खरं. पुढल्या महिन्यात परत येणारंत त्या, आन् आता आठ दिवस ऱ्हाणार हायेत. तवर संशय घ्यायला दुसरं कुणीतरी बघून ठिवा."